वॉलमार्टच्या गोळ्या, अफवा आणि तुमचा व्हिसा

अमेरिकेत कुठे मोठा गोळीबार झाला किंवा निवडणूक तोंडावर आली, की एक बातमी हमखास फिरते: वॉलमार्ट ही दुकानांची साखळी बंदुकीच्या गोळ्या विकणं बंद करतेय. कधी ती उलटीही येते, बंद केलेल्या गोळ्या पुन्हा मिळणार म्हणून. सोबत रिकाम्या कपाटाचा फोटो असला की लोकांना पुरावा मिळाल्यासारखं वाटतं. पण कपाट माल संपला म्हणूनही रिकामं असतं. २०१३ च्या सुरुवातीला लोकांनी घाबरून इतकी खरेदी केली, की वॉलमार्टनं माणशी दिवसाला तीनच बॉक्स देणं सुरू केलं. त्यात धोरण वगैरे काही नव्हतं, माल पुरत नव्हता.

अफवा टिकतात, कारण कंपनीनं नियम खरंच अनेकदा बदललेत. अलास्का सोडून बाकी ठिकाणी हँडगन (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) विकणं १९९३ मध्ये थांबलं. एआर-१५ धाटणीच्या, म्हणजे लष्करी वळणाच्या रायफली २०१५ मध्ये गेल्या. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर फेब्रुवारी २०१८ मध्ये बंदूक आणि गोळ्या दोन्हींसाठी वयाची अट २१ झाली. मोठा बदल २०१९ चा. ३ ऑगस्टला टेक्ससमधल्या एल पासोच्या वॉलमार्टमध्येच गोळीबार झाला. त्याआधी काही दिवस मिसिसिपीतल्या साउथेव्हनच्या दुकानात दोन कर्मचारी मारले गेले होते. ३ सप्टेंबरला तेव्हाचे प्रमुख डग मॅकमिलन यांनी जाहीर केलं, की शिल्लक साठा संपला की हँडगनच्या गोळ्या बंद, आणि ०.२२३ व ५.५६ सारख्या मापांच्या, लष्करी धाटणीच्या रायफलींत चालणाऱ्या गोळ्याही बंद. अलास्कातल्या हँडगनही त्याच वेळी गेल्या. देशातल्या गोळ्यांच्या बाजारात कंपनीचा वाटा साधारण २० टक्के होता, तो ६ ते ९ टक्क्यांवर येईल असा अंदाज तिनंच दिला होता. हरणाच्या शिकारीच्या रायफली, शॉटगन आणि त्यांच्या गोळ्या मात्र राहिल्या.

ऑक्टोबर २०२० चा किस्सा तर अफवेला खतपाणी घालणाराच. निदर्शनांच्या काळात लूटमार होईल या भीतीनं कंपनीनं बंदुका आणि गोळ्या दर्शनी कपाटांतून आत नेऊन ठेवल्या. मागणाऱ्याला त्या मिळत होत्या. तरी ‘वॉलमार्टनं विक्री थांबवली’ हे सगळीकडे झालं, आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीनं माल परत बाहेर मांडला.

हे सगळं दुकानाचे नियम. दुकान ते आज करतं, उद्या मोडतं, आणि ते खरे की खोटे हे काउंटरवर विचारलं की पाच मिनिटांत कळतं. अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींनी बघायला हवं ते दुसरंच: गोळ्या विकत घेण्याचा हक्क मुळात तुम्हाला आहे का? तो कायद्यानं ठरतो, आणि तिथली चूक फार महागात पडते.

पात्रता: आधी व्हिसा बघा

अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या १९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टनुसार परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल किंवा शॉटगनच्या गोळ्या घ्यायला १८ वर्षं पूर्ण हवीत, हँडगनच्या घ्यायला २१. वॉलमार्टमध्ये सरसकट २१, हे वर आलंच. गोळ्यांच्या प्रत्येक विक्रीची वहीत नोंद ठेवायची सक्ती होती, ती १९८६ च्या कायद्यानं काढली. त्यामुळे बऱ्याच राज्यांत ओळखपत्र दाखवलं, पैसे दिले, बॉक्स घेतला, इतकं ते सोपं असतं. आणि सोपं आहे म्हणूनच आपल्याला चालतं असं वाटतं.

तर ऐका. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन, एफ-वन, बी-टू हे सगळे नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा आहेत. असा व्हिसा असलेल्या माणसानं बंदूकच काय, गोळीसुद्धा जवळ बाळगणं केंद्राच्या कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा २०२२ पासून १५ वर्षांपर्यंत वाढवलीय. शिवाय शस्त्रासंबंधी गुन्हा सिद्ध झाला तर देशाबाहेर काढण्याला तेवढं कारण पुरतं. आय-वन-फोर्टी, म्हणजे ग्रीन कार्डसाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर होऊन दहा वर्षं झाली, घर घेतलं, मुलं इथेच जन्मली, तरी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत तुम्ही एच-वनवरच असता. रांगेत उभं राहिल्याचे गुण मिळत नाहीत. ग्रीन कार्डधारकाला मात्र ही बंदी लागू नाही. त्याला आणि नागरिकाला या बाबतीत केंद्राचे नियम जवळपास सारखेच.

नॉन-इमिग्रंटसाठी कायद्यात एक दार उघडं ठेवलंय, ते म्हणजे शिकारीचा वैध परवाना, म्हणजे हंटिंग लायसन्स. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्यानं दिलेला आणि मुदत न संपलेला चालतो. मासेमारीचा चालत नाही, ही गल्लत बरेच जण करतात. परवाना राज्याच्या वन्यजीव खात्याकडून मिळतो, आणि बहुतेक ठिकाणी आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो. टेक्ससमध्ये, उदाहरणार्थ, २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना तो सक्तीचा आहे. परवान्याची मुदत संपली की सूटही संपली, आणि घरात उरलेल्या गोळ्या त्या दिवसापासून बेकायदा. बरेच जण परवाना काढतात आणि नूतनीकरण विसरतात, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

‘मी विकत घेत नाही, नेमबाजीच्या रेंजवर मित्राची बंदूक चालवतो’ असंही म्हणतात. कायद्यातला शब्द ताबा आहे, मालकी नाही. हातात घेतली की ताबा.

याशिवाय एक वर्षाहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले, घरगुती हिंसाचाराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेले, आणि कोर्टाच्या आदेशानं मनोरुग्णालयात दाखल झालेले यांनाही बंदी आहे. बेकायदा अंमली पदार्थ घेणाऱ्यांचाही या यादीत समावेश आहे. राज्यानं गांजा खुला केला म्हणून केंद्राच्या लेखी तो खुला होत नाही.

राज्याचं कार्ड

आपली वस्ती जिथे दाट आहे, नेमकी तिथेच राज्यांची जादा कागदपत्रं लागतात.

इलिनॉयमध्ये गोळ्यांचा एक बॉक्स घ्यायलाही फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं राज्याचं ओळखपत्र लागतं. अर्ज इलिनॉय स्टेट पोलिसांच्या संकेतस्थळावर करायचा. राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र आणि फोटो जोडायचा. शुल्क १० डॉलर आणि वर थोडा प्रक्रिया खर्च. मुदत १० वर्षं. वय २१ च्या आत असेल तर पालकाची संमती लागते.

न्यू जर्सीत हँडगनच्या गोळ्यांसाठी फायरआर्म्स पर्चेसर आयडेंटिफिकेशन कार्ड, म्हणजे शस्त्र खरेदीदाराचं ओळखपत्र दाखवावं लागतं. अर्ज आपल्या गावच्या पोलीस खात्याकडे जातो, गावाला स्वतःचं पोलीस खातं नसेल तर स्टेट पोलिसांकडे. बोटांचे ठसे, तुम्हाला ओळखणाऱ्या व्यक्तींची नावं आणि मानसिक आरोग्याच्या नोंदी तपासायला संमती, एवढं लागतं. शुल्क पूर्वी ५ डॉलर होतं, २०२२ च्या अखेरीस ते ५० झालं. ज्यांची नावं देणार त्यांना आधी विचारा, पोलीस त्यांच्याशी संपर्क करतात.

कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून गोळ्यांच्या प्रत्येक खरेदीला पार्श्वभूमी तपासणी लावली, म्हणजे घेणाऱ्यावर बंदी आहे का ते आधी बघतात. राज्याच्या नोंदीत तुमच्या नावावर बंदूक असेल आणि ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता जुळत असेल तर काम मिनिटांत होतं. घर बदलून नोंदीत पत्ता बदलला नसेल तर नकार येतो, आणि माणसाला वाटतं आपल्यावर काही गुन्हा निघाला की काय! लायसन्सवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ (केंद्राच्या कामांना हे पुरत नाही) असं छापलेलं असेल तर पासपोर्टही सोबत न्या. या कायद्यावर कोर्टात वाद सुरू आहे, त्यामुळे निघण्याआधी दुकानात एक फोन करा.

न्यू यॉर्कमध्ये १३ सप्टेंबर २०२३ पासून अशीच तपासणी आहे, ती स्टेट पोलीस करतात. मॅसॅच्युसेट्समध्ये स्थानिक पोलिसांनी दिलेला शस्त्र परवाना किंवा ओळखपत्र लागतं.

काउंटरवर

जन्मतारीख असलेलं, मुदत न संपलेलं सरकारी फोटो ओळखपत्र न्या, आणि राज्य मागत असेल ते कार्ड. गोळ्या कुलूपबंद कपाटात असतात, कर्मचारी काढून देतो. बंदूकही घ्यायची असेल तर ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्वाचा प्रश्न असतो, आणि नॉन-इमिग्रंट असाल तर शिकारीच्या परवान्याचाही पुरावा दाखवावा लागतो. इथे खोटं लिहिणं हा स्वतंत्र गुन्हा. मग पार्श्वभूमी तपासणी होते. तीन कामकाजाच्या दिवसांत तिचं उत्तर आलं नाही तर विक्रेत्यानं बंदूक द्यायला केंद्राच्या कायद्याची हरकत नाही, पण स्पष्ट होकार येईपर्यंत देत नाही हे वॉलमार्टनं २०१९ मध्ये सांगितलेलं धोरण. तेव्हा चौथ्या दिवशी काउंटरवर कायदा दाखवून भांडू नका.

सुट्टीला भारतात जाताना

भारतात काडतूस परवान्याशिवाय बाळगता येत नाही, आणि परवान्यावर किती घेता येतील तेही लिहिलेलं असतं. सामानाच्या तपासणीत एक जिवंत गोळी निघाली तरी १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली गुन्हा नोंदवला जातो. जाणीवपूर्वक बाळगली नव्हती म्हणून अशी बरीच प्रकरणं उच्च न्यायालयांनी रद्द केलीत, पण तोवर विमान गेलेलं असतं, पासपोर्ट अडकलेला असतो आणि वकिलाची फी भरावी लागते ती वेगळीच. रेंजवर नेलेली सॅक प्रवासाला घेऊ नका. घ्यावीच लागली तर सगळे कप्पे उलटे करून झटका, अस्तराच्या शिवणीत बोट घालूनही बघा.