‘कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य आले कुठून?

बरे वाटले तरी अँटिबायोटिकचा कोर्स मध्येच सोडू नका, ही सूचना घरोघरी पाठ असते. जुलै २०१७ मध्ये ब्रिटनमधील काही तज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात तिच्या शास्त्रीय आधारावरच प्रश्नचिन्ह लावले. बातम्या अशा झाल्या की जणू गोळ्या वाटेल तेव्हा थांबवा. त्यांचे म्हणणे तसे नव्हते. गरजेपेक्षा जास्त दिवस गोळ्या घेतल्यानेच जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो, असे ते म्हणत होते.

ही सूचना घडली ती मुख्यतः दोन आजारांतून. पहिला क्षय. १९४८ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष आले तेव्हा रुग्ण सुधारलेले दिसले, पण काही महिन्यांत अनेकांच्या बेडक्यातले जंतू औषधाला दाद देईनासे झाले. क्षयाच्या जंतूंत साधारण दहा लाखांत एक आयसोनियाझिड या क्षयावरच्या औषधाला आणि दहा कोटींत एक रिफाम्पिसिन या दुसऱ्या औषधाला मुळातच पुरून उरणारा असतो, आणि फुप्फुसातल्या एका पोकळीत दहा कोटी जंतू सहज मावतात. एकच औषध दिले तर मागे राहतात ते नेमके हेच. म्हणून औषधे एकत्र द्यायची आणि सावकाश वाढणारे जंतू संपेपर्यंत महिनोन् महिने द्यायची. इथे कोर्स सोडणे खरोखर घातक आहे आणि त्यात काडीचीही सूट नाही.

दुसरा आजार स्ट्रेप्टोकॉकसमुळे येणारी घसादुखी. पेनिसिलिन दहा दिवस द्यायचे, कारण जंतू घशात राहिले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. हा जंतू आजही पेनिसिलिनने मरतो. म्हणजे ते दहा दिवस हृदयासाठी होते, जंतूंचा प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देणे, टाळण्यासाठी नव्हे. दोन्ही कारणे पुढे एकमेकांत मिसळली आणि एकच वाक्य साध्या लघवीच्या जळजळीपासून न्यूमोनियापर्यंत सगळ्याला लागू झाले. पेनिसिलिन शोधणाऱ्या शास्त्रज्ञाने १९४५ च्या नोबेल व्याख्यानात इशारा दिला होता तोही अपुऱ्या मात्रेचा. घसा दुखतो म्हणून स्वतःच पेनिसिलिन आणून थोडेसे घेणाऱ्या माणसाचे उदाहरण त्याने दिले होते.

‘शरीराला गोळीची सवय होते’ हे बोलणेही याच गोंधळातले. सवय शरीराला होत नाही. बदलतात ते जंतू, आणि बरेचदा आजाराचे जंतू नव्हे तर आतड्यात निमूट राहणारे ई. कोलाय, क्लेब्सिएला यांसारखे. घशासाठी घेतलेली गोळी त्यांच्यावरही रोज पडते. त्यातले तग धरणारे वाढतात, पुढे मूत्रमार्गात शिरतात आणि तेव्हा नेहमीचे औषध चालत नाही. जास्तीचा प्रत्येक दिवस इथे भर घालतो. त्यामुळे कालावधी आता आखडत आले आहेत. घरी उपचार होणाऱ्या साध्या न्यूमोनियात ताप उतरून प्रकृती स्थिर असेल तर बहुधा पाच दिवस पुरतात. स्त्रियांच्या साध्या मूत्रसंसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅम एकदाच. टायफॉइड, हाडाचा किंवा हृदयाच्या झडपेचा संसर्ग यांत मात्र अशी काटछाट करायची नाही. कधी थांबायचे हे औषध लिहिणाऱ्यानेच ठरवायचे.

आपल्याकडे खरी अडचण थांबण्याआधीची, म्हणजे गोळी सुरू करण्याची आहे. पिंपरीत १९५५ मध्ये सरकारी कारखान्यात पेनिसिलिन बनू लागले तेव्हा प्रश्न औषध मिळण्याचा होता. आज काउंटरवर कात्रीने पट्टी कापून चार गोळ्या मिळतात. मुदतीची तारीख आणि बॅच क्रमांक बरेचदा दुकानातल्या तुकड्यावरच राहतात, कधी ‘चिठ्ठीशिवाय घेऊ नका’ सांगणारी लाल रेघही. व्हायरल ताप तीन-चार दिवसांत आपणहून उतरतो, श्रेय गोळीला मिळते आणि उरलेल्या दोन गोळ्या डब्यात जातात. मुलांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट सिरपचे तेच. उकळून गार केलेले पाणी खुणेपर्यंत घालून पावडर कालवली की बाटली फ्रिजमध्ये सात दिवसच चालते. ती पुढच्या तापासाठी ठेवणे म्हणजे मुलाला ताकद उतरलेले औषध पाजणे.

१ मार्च २०१४ पासून भारतात ‘एच १’ अनुसूची, म्हणजे विक्रीवर जादा नजर ठेवायच्या औषधांची यादी, लागू झाली. तिच्यात ४६ औषधे होती. त्यांच्या विक्रीची वेगळी नोंदवही, तीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या, आणि ही वही तीन वर्षे जपायची. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक त्या यादीत आली. अझिथ्रोमायसिन आले नाही. चिठ्ठी त्यालाही लागते, पण या वहीत नोंद लागत नाही, आणि हीच यादीतली सर्वांत मोठी फट म्हणावी लागेल. तीन किंवा पाच गोळ्यांची सुटसुटीत पट्टी, दिवसाला एकच गोळी. सर्दी-खोकल्याला मागायला याहून सोपे काही नाही. कोविडच्या काळातही ते सर्रास दिले गेले, मोठ्या चाचण्यांत फायदा दिसला नाही तरी. आणि २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात पसरलेल्या, बहुतेक औषधांना दाद न देणाऱ्या टायफॉइडच्या जंतूवर तोंडाने घेण्याजोगे भरवशाचे औषध उरले ते हेच, अझिथ्रोमायसिन.