हत्ती तोच, मालक बदलत गेले: माहुतांच्या कामामागची गोष्ट

हत्ती पाळीव प्राणी आहे असं आपण सहज बोलून जातो पण गाय किंवा घोड्यासारखं हत्तीचं पिढ्यानपिढ्या ब्रीडिंग कधी झालंच नाही, बहुतेक हत्ती जंगलातून पकडून आणलेले. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर सांगितलंय की हत्ती उन्हाळ्यात पकडावा आणि तो २० वर्षांचा असावा. हिशोब सरळ आहे, पिल्लू पकडलं तर कामाचं होईपर्यंत वर्षानुवर्षं फुकट पोसा!

राजेलोकांना हत्ती लढाईसाठी हवे होते. तोफा आल्या, लढाईतला हत्ती मागे पडला आणि उरली मिरवणूक, शिकार, ओझी. मग इंग्रजांच्या काळात सागवान आलं. १८६३ साली मुंबईत सुरू झालेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा बर्मातला सगळा पसारा हत्तींच्या जोरावर चालायचा, हत्तीने ओंडके ओढत ओढ्यापर्यंत आणायचे आणि पावसाळ्यात पूर आला की ते वाहत खाली जायचे. तिथे माहुताला ऊझी म्हणतात. काम संपलं की हत्तीच्या पायात साखळी आणि गळ्यात लाकडी घंटा बांधून त्याला रात्री चरायला जंगलात सोडायचं आणि पहाटे माग काढत, घंटेचा आवाज ऐकत त्याला शोधून आणायचं, मग आंघोळ, मग काम. कडक उन्हाळ्यात हत्तींना सुट्टी, पंचावन्नच्या आसपास रिटायरमेंट. (ऊझीला यातलं काय मिळायचं हे वेगळंच.) ही रात्रीची मोकळीक माया म्हणून नव्हती हां, दिवसाला दीडेकशे किलो चारा कापून आणणं कुठल्याच कंपनीला परवडलं नसतं.

इकडे म्हैसूर भागात खेडा पद्धतीने, म्हणजे अख्खा कळप हाकत कुंपणात कोंडून, हत्ती पकडायचे. शेवटचा खेडा १९७१ चा. १९७७ मधे हत्ती वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमधे, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत गेला.

मग लाकूडच बंद व्हायला लागलं. थायलंडने पुरानंतर १९८९ मधे जंगलतोडीवर बंदी घातली, भारतात डिसेंबर १९९६ च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने ईशान्येकडचं तोडकाम थांबलं. जंगलासाठी चांगलंच झालं, पण ट्रक असता तर विकून मोकळं होता आलं असतं, हत्ती साठ वर्षं जगतो आणि काम असो नसो रोज खातो. थायलंडचे कितीतरी माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यावर आले आणि नंतर टुरिस्ट कॅम्पमधे शिरले. तिथे पैसा आला पण बऱ्याच ठिकाणी ती रात्रीची मोकळीक गेली, कारण सकाळी गिऱ्हाईक यायच्या वेळेला हत्ती जागेवर लागतो.

कर्नाटक, तामिळनाडूत वनखात्याच्या कॅम्पमधे ती जुनी रीत अजून दिसते. पिकात घुसणाऱ्या रानटी हत्तींना हुसकवायला तिथले कुमकी, म्हणजे शिकवून तयार केलेले हत्ती नेतात, काम नसलं की रात्री जंगलात सोडतात. सकाळी माहूत आणि त्याचा जोडीदार कावडी, दोघं मातीत ओढत गेलेल्या साखळीची रेघ बघत निघतात.