वॉल्श, बिल

वॉल्श, बिल : (३० नोव्हेंबर १९३१ – ३० जुलै २००७). अमेरिकन फुटबॉलचे थोर प्रशिक्षक. जन्म लॉस अँजेलिस येथे. शालेय व विद्यापीठीय संघांत उमेदवारी करून १९६६ मध्ये ते ओकलंड रेडर्स या व्यावसायिक संघाचे साहाय्यक प्रशिक्षक झाले.

त्यांच्या ‘वेस्ट कोस्ट’ (पश्चिम किनारा) या आखूड पासांवर आधारलेल्या आक्रमणपद्धतीच्या उगमाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तिचे मूळ प्रशिक्षक सिड गिलमन यांच्या पासप्रधान खेळात असून वॉल्श यांनी तो ओकलंडमध्ये आत्मसात केला. हे ऋण मान्य करूनही पद्धतीला स्वतःचे रूप ओहायओ राज्यातील सिनसिनॅटीत आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तेथील बेंगल्स संघात (१९६८–७५) वॉल्श मुख्य प्रशिक्षक पॉल ब्राउन यांच्या हाताखाली होते. दमदार फेकीचा ग्रेग कुक जायबंदी झाल्यावर १९७० मध्ये क्वार्टरबॅकची (आक्रमण चालवून पास फेकणाऱ्या खेळाडूची) जबाबदारी व्हर्जिल कार्टरवर आली. त्याची फेक लांब जात नसे. नेम मात्र पक्का होता. म्हणून खेळच त्याच्या हाताला बेतला गेला : तीन किंवा पाच पावले मागे जायचे, शेवटचे पाऊल टेकताच चेंडू सोडायचा आणि रिसीव्हरने (पास झेलणाऱ्या खेळाडूने) तो धावतच झेलून पुढे मुसंडी मारायची. चेंडू आपल्याकडे राखण्यासाठी चार प्रयत्नांत कापाव्या लागणाऱ्या दहा यार्डांसाठी इतर संघ चेंडू घेऊन धावत, तिथे वॉल्श आखूड पास देत. ‘वेस्ट कोस्ट’ हे नाव बरेच नंतरचे. १९८५ च्या हंगामात वॉल्श यांच्या नंतरच्या सॅन फ्रान्सिस्को संघाला हरवल्यावर प्रतिस्पर्धी प्रशिक्षक बिल पार्सेल्स यांनी ते हिणवण्यासाठी वापरले, असे सांगतात. क्वार्टरबॅक बर्नी कोसारने १९९३ च्या सुमारास प्रशिक्षक डॉन कोरिएल यांच्या परंपरेतील वेगळ्याच पद्धतीला ते दिले व पुढे ते वॉल्श यांना चिकटले, असेही एक मत आहे. काहीही असले, तरी ओहायओतील अडचणीतून घडलेल्या या पद्धतीला ते नाव न्याय देत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संघाच्या प्रशिक्षकपदानंतर १९७९ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनायनर्सचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या हंगामात २ विजय, १४ पराभव. त्याच वर्षी नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीत त्यांनी क्वार्टरबॅक जो मोंटाना घेतला. १९८१, १९८४ व १९८८ या हंगामांचे सुपर बोल (विजेतेपदाचे अंतिम सामने) त्यांनी जिंकले. सामन्यातील सुरुवातीच्या चाली आधीच क्रमाने लिहून ठेवण्याची त्यांची शिस्त पुढे सर्वत्र रुळली. अखेरचा सुपर बोल (जानेवारी १९८९) पुन्हा बेंगल्सविरुद्धच होता. तीन गुणांची पिछाडी असताना मोंटानाने ९२ यार्डांची मजल मारत, ३४ सेकंद उरले असता रिसीव्हर जॉन टेलरला निर्णायक पास दिला : २०–१६. त्यानंतर वॉल्श यांनी पद सोडले. नियमित हंगामांत त्यांचे ९२ विजय, ५९ पराभव व १ बरोबरी आहे. १९९३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये (व्यावसायिक फुटबॉलमधील थोरांच्या सन्मानयादीत) समावेश. १९९२–९४ मध्ये पुन्हा स्टॅनफर्डचे प्रशिक्षक.