काळा रंग आधी का कुजतो? जुनी कापडं जमवणाऱ्यांसाठी थोडं रसायनशास्त्र

जुनी हातमागाची, हाताने छापलेली कापडं जमवणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती जुनं आहे?" आणि उत्तर बहुतेक वेळा विकणारा सांगेल त्यावर चालतं, अमक्या संस्थानातलं आहे, तमक्या वाड्यातून आलंय वगैरे. खरं तर कापड स्वतःच बरंच काही सांगतं, आणि जिथे ते खराब झालंय तिथे सगळ्यात जास्त सांगतं. म्हणून जुनं कापड हातात आलं की ते लगेच धुवायला टाकू नका, आधी भिंग घेऊन उजेडात नीट बघा.

गुजरातच्या ठसाछपाईचा एखादा जुना तुकडा घ्या. लाल जमीन छान टिकलेली असते, निळा तर काल रंगवल्यासारखा, पण नक्षीभोवतीची काळी रेघ बघा, तिथे धागेच नाहीत! पाकळीच्या कडेकडेने कोणीतरी बारीक कात्री चालवलीय असं वाटतं. कसर, म्हणजे कपडे खाणारी अळी, नाही ही. तिला लोकर आणि रेशीम आवडतं, सुतात तिला रस नसतो, आणि ती काही रेघ धरून खात नाही.

कारण रंगवायच्या पद्धतीतच आहे. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यातून काढतात, त्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, धाग्याला चिकटून बसतं. मग जिथे लाल हवा तिथे तुरटीची खळ छापायची आणि जिथे काळा हवा तिथे लोखंडाची, म्हणजे गंजलेलं भंगार गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवायचं आणि ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करायचं. आता हे कापड मंजिष्ठेच्या किंवा आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांच्या गरम पाण्यात टाकलं की एकाच भांड्यातून दोन रंग निघतात, तुरटीवर लाल आणि लोखंडावर काळा. मला आजही याचं अप्रूप वाटतं, कारण रेणू, संयुग हे शब्दसुद्धा माहीत नसताना लोक हे शेकडो वर्षं बिनचूक करत होते.

तुरटीतलं ॲल्युमिनियम धाग्याला फारसा त्रास देत नाही, रंगाला धरून शांत बसून राहतं. लोखंडाचं तसं नाही. हवेतला ऑक्सिजन आणि दमटपणा मिळाला की सुती धागा ज्याचा बनलेला असतो त्या सेल्युलोजच्या लांब साखळ्या तुटायचा वेग ते वाढवतं, आम्ल असेल तर आणखीच. शंभर-दोनशे वर्षांत तेवढी रेघ ठिसूळ होऊन गळून पडते. जुन्या तुर्की किंवा कॉकेशसच्या गालिच्यांवर हात फिरवलात तर गडद तपकिरी भाग खोल गेलेला लागतो, तिथेही बऱ्याचदा हेच लोखंड असतं.

हिरव्याची गोष्ट वेगळी. जुन्या काळात हिरवा बहुतेक वेळा निळीवर पिवळा चढवून करायचे. निळीचा रंग धाग्यात जाऊन पाण्यात न विरघळणारा कण बनून बसतो, हळद किंवा डाळिंबाच्या सालीचा पिवळा मात्र उजेडाने उडतो, म्हणून युरोपच्या म्युझियममधल्या कितीतरी भारतीय छिटांवरची पानं आज निळी दिसतात. युरोपातल्या जुन्या विणलेल्या चित्रपडद्यांवरची झाडंही अशीच निळी पडलीत.

आता वयाचं बघू. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने पहिला गाजलेला कृत्रिम जांभळा शोधला, १८६९ मध्ये मंजिष्ठेच्या कुळातला मुख्य लाल, म्हणजे अलिझरिन, कारखान्यात बनवायची वाट सापडली आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. लॅबमध्ये अगदी बारीक धागा पुरतो, त्यातली रंगद्रव्यं वेगवेगळी करतात. मुळ्यांचा रंग असेल तर त्यात अनेक द्रव्यं एकत्र निघतात, एकटं शुद्ध अलिझरिनच निघालं तर १८६९ च्या आधीचं म्हणायला जरा जपूनच.

कार्बन डेटिंग, म्हणजे धाग्यातल्या कार्बनवरून वय काढणं, तर हवंच असं अनेकांना वाटतं, पण १६५० ते १९५० या काळात ते फारसं कामाचं नाही, वातावरणातल्या कार्बनचं प्रमाण असं खालीवर झालंय की एका मोजणीतून बऱ्याच वेगवेगळ्या तारखा निघू शकतात. त्याहून जुन्या कापडाला मात्र ते कमाल करतं. कापूस वर्षभरात येणारं पीक, त्यामुळे बोंड कधी फुटलं तो काळ थेट मिळतो. कैरोजवळच्या फुस्तातच्या कोरड्या मातीत गुजरातच्या छापील सुती कापडाचे ढिगाने तुकडे सापडले, त्यातले १,२०० च्या वर आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन म्युझियममध्ये आहेत, आणि काही चक्क हजार वर्षांपूर्वीचे निघाले. दुसऱ्या टोकाला इंडोनेशियात सुलावेसीच्या तोराजा लोकांनी गुजरातचीच कापडं विधींसाठी घराण्यात जपून ठेवली होती, त्यातली काही चौदाव्या शतकापर्यंत मागे गेली. त्या दमट हवेत सुती कापड सहाशे वर्षं टिकतं हे कोणाच्या मनातही आलं नसतं! ती मातीत पुरलेली नव्हती, पिढ्यानपिढ्या माणसांनी सांभाळलेली होती.

आणि मोहेंजोदडोची चिंधी! चांदीच्या भांड्याला चिकटलेली होती, चांदीचे क्षार धाग्यात मुरल्यामुळे जंतूंना ती खाता आली नाही. १९२० च्या दशकात आपल्या माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत ते धागे तपासले आणि तो कापूसच आहे हे सांगितलं.

घरी जपायचं तर डिटर्जंट अजिबात नको. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, जुन्या वनस्पती रंगांचंही अल्कलीत तसंच काहीतरी होतं, अलिझरिनचा लाल जांभळ्याकडे झुकतो. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत दमट राहतं. लाकडी कपाटाच्या फळीवर थेट ठेवू नका, लाकडातून आम्ल सुटतं, मध्ये धुतलेलं कोरं मलमल घाला. खळ असेल तर सिल्व्हरफिश येतात, तेवढं बघत राहा. घडी घालण्यापेक्षा नळीवर गुंडाळलेलं बरं, घडीच घालायची तर दर काही महिन्यांनी जागा बदला. पैठणीची जरतार काळी पडली तर घासू नका, तो हवेतल्या गंधकाने चांदीवर चढलेला थर असतो, घासताना सोन्याचा पातळ मुलामाच जातो. भिंतीवर लावायचंच असेल तर उजेड मंद ठेवा, म्युझियमवाले ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास ठेवतात, आणि उन्हात तर नकोच, गेलेला रंग परत येत नाही.

विकत घेताना एक नक्की करा, काठाची शिवण किंवा अस्तर थोडं उलटून बघायला मागा. आत दुमडलेल्या भागाला उजेड लागलेला नसतो, त्यामुळे निळ्या पानांचा मूळ हिरवा बऱ्याचदा तिथे अजून दिसतो. बाहेर आणि आत रंग अगदी सारखाच फिका असेल तर मी तरी घ्यायच्या आधी चार प्रश्न जास्त विचारते.