अपस्मार (फीट, फेफरे)

मेंदूतील चेतापेशींमधून एकाच वेळी बेसुमार विद्युत्‌संदेश सुटून वारंवार झटके येण्याचा विकार. कोकणात त्याला फीट, फेफरे किंवा आकडी म्हणतात. तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून अधिक अंतराने दोन झटके आले, की सहसा अपस्माराचे निदान होते. लहान मुलांना तापात येणारी आकडी यात धरत नाहीत.

झटका मेंदूच्या कोणत्या भागात उठतो, त्यावर त्याचे रूप ठरते. संपूर्ण मेंदूत पसरला तर माणूस कोसळतो, अंग ताठते, हातपाय उडतात, तोंडाला फेस येतो. हे कोणालाही ओळखता येते. कानशिलाच्या आतील खंडातला झटका मात्र फसवा. नसलेला वास येतो, पोटातून भीती वर चढते. माणूस एकटक बघत ओठ चाटतो, कपड्यांशी चाळा करतो, हाकेला ओ देत नाही. दोनेक मिनिटांनी भानावर येतो, पण मधले काही आठवत नाही. अशा वेळी ‘बाहेरचे काहीतरी लागले’ म्हणून आधी देवाला गाऱ्हाणे, मग अंगारा आणि डॉक्टर सर्वांत शेवटी. गाऱ्हाणे घालायला हरकत नाही, पण त्यापायी औषध लांबू नये.

डोक्याला मार, पक्षाघात, मेंदूज्वर, मेंदूतील गाठ, बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणे ही काही कारणे. अनेकांत कारण सापडतच नाही.

किनारपट्टीवर झटक्याइतकीच भीती तो कुठे येतो याची असते: बिनकठड्याची विहीर, होडी, माडाचा शेंडा, पेटती चूल. जागरणाने झटके वाढतात. दशावतार रात्रभर चालतो, शिमग्यात पालखी उशिरापर्यंत नाचते आणि गणपतीला रात्रीच्या गाडीने येणाऱ्या चाकरमान्याची गोळी नेमकी त्याच रात्री चुकते.

झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे. दातांत चमचा घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून काही होत नाही. झटका ५ मिनिटांहून अधिक टिकला, तर तातडीने दवाखाना गाठावा. नियमित औषधाने सुमारे ७० टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. मोठ्या तपासणीसाठी सिंधुदुर्गातले बरेच लोक गोव्यात बांबोळीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जातात.

हिंदू विवाह कायद्यातील अपस्माराची आडकाठी १९९९ साली निघाली. तरी स्थळ बघताना फीट लपवली जाते. मग सासरी गोळ्याही लपूनच घ्याव्या लागतात, आणि चुकतात.