मोबाइलला कळणारी जवळीक

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला एखादा टॉवेलचा कारखाना घ्या. दोन कामगार शेजारशेजारच्या मागांवर पाळीभर उभे. खडखडाट इतका, की धड चार शब्द बोलता येत नाहीत. दोघांच्या खिशातल्या मोबाइलचं ब्लूटूथ तपासत राहिलं तर मात्र दिवसभर एकच नोंद होत राहील: हे दोघं एकत्र आहेत.

माणसाचा गोतावळा मोजणाऱ्या संशोधनातली खरी अडचण इथेच आहे. २००४-०५ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या नेथन ईगल आणि अ‍ॅलेक्स पेंटलंड यांनी ९४ जणांना नोकिया ६६०० फोन दिले. आसपास कोणाचा फोन आहे, हे तो फोन दर ५ मिनिटांनी ब्लूटूथवरून टिपायचा. कॉलही नोंदवायचा. नुसत्या फोनच्या या नोंदींवरून मैत्री सुमारे ९५ टक्के अचूक ओळखता आली. पण कामाच्या वेळी जवळ असण्याने ती कळली नाही. शनिवारी रात्री, संस्थेच्या आवाराबाहेर कोण कोणाजवळ असतं, त्यावरून ती उलगडली.

ही पद्धत सोलापुरात जशीच्या तशी चालणार नाही. शनिवारऐवजी कारखान्याच्या साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरावा लागेल. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर ब्लूटूथला शेकड्यांनी अनोळखी लोक सापडतील, त्यामुळे एकदाच झालेली भेट सोडून पुन्हापुन्हा होणारी तेवढीच मोजायची. भिंतीपलीकडचा शेजारीही ब्लूटूथला 'भेटलेला' वाटतो. शिवाय बिडी वळणाऱ्या आईचा, मागावरच्या वडिलांचा आणि कॉलेजातल्या मुलीचा फोन एकच असेल, तर कॉलच्या यादीत तिघांचे गोतावळे मिसळलेले असतात.

म्हणून माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारण्यातही चुका होतात. 'गेल्या सहा महिन्यांत महत्त्वाच्या गोष्टी कोणाशी बोललात?' हा प्रश्न अमेरिकेतल्या मोठ्या सर्वेक्षणात १९८५ मध्ये आला. २००४ मध्ये तोच पुन्हा विचारला, तेव्हा जवळजवळ पाव लोकांनी एकही नाव सांगितलं नाही. माणसं एकाकी पडली, अशी ओरड झाली. पुढे तपासल्यावर दिसलं, की ठरावीक मुलाखतकारांकडेच कोऱ्या याद्या जास्त आल्या होत्या. प्रत्येक नावामागे आणखी प्रश्न विचारावे लागत. नाव नाही तर काम कमी.

यावर उपाय म्हणजे नेमका प्रसंग विचारणं. समाजशास्त्रज्ञ क्लॉड फिशर यांनी १९७७-७८ मध्ये उत्तर कॅलिफोर्नियातल्या १,०५० जणांना असेच प्रश्न विचारले होते. आपल्याकडे ते असे होतील: रात्री अकराला दवाखान्यात न्यायचं झालं तर कोणाला उठवाल? पाच हजार उसने कोणाकडे मागाल? कुठे कामाला जागा रिकामी आहे, हे कोणाला विचाराल? स्वतःचा गोतावळा काढायचा तर उत्तरांतली १५ नावं कागदावर गोलात लिहा. तुम्ही मध्ये नसतानाही जे दोघं एकमेकांशी बोलतात, त्यांच्यात रेघ ओढा. १५ जणांच्या जोड्या होतात १०५. रेघा ६३ निघाल्या, तर घट्टपणा ६३ भागिले १०५, म्हणजे ०.६.

रेघा खूप असल्या की आजारपणात चार माणसं धावून येतात. पण १५ पैकी १२ जण टॉवेल-चादरीच्याच धंद्यात असतील, तर मंदीत बाराही जणांचे हात एकदमच आखडतात, आणि रिकाम्या जागांची जी बातमी एकाला असते तीच सगळ्यांना. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या लेखात ओळखीतून नोकरी मिळालेले ५४ जण होते. त्यांतल्या फक्त १६.७ टक्क्यांची त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठ पडत होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून, २७.८ टक्क्यांची क्वचितच.

तेव्हा नवी बातमी हवी असेल, तर कागदावर ज्या नावाला एकही रेघ नाही ते आधी पाहा: पुण्याला गेलेला जुना शेजारी, दुसऱ्या धंद्यातला वर्गमित्र. फोनमध्ये तो यादीच्या पार तळाशी असेल. सहा महिन्यांनी हाच कागद पुन्हा काढा, पण जुना समोर ठेवू नका. तो दिसला की हात तीच नावं लिहितो.