तंगडी काळपट, छाती पांढरी

सावजी रश्श्यात सगळंच काळं दिसतं, ते सोडा. घरी नुसत्या हळद-मिठात उकडलेली कोंबडी बघा. तंगडीचं मांस काळपट, छातीचं पांढरं. कोंबडी दिवसभर पायांवर हिंडते आणि पंख मारते ते कुत्रं अंगावर आलं तर भिंतीवर चढण्यापुरते. उलट, हिवाळ्यात हिमालय ओलांडून विदर्भातल्या तलावांवर उतरणाऱ्या पट्टकादंबाच्या छातीचं मांस गडद लाल असतं, कारण त्याची छातीच तासन्‌तास राबते.

हा रंग रक्ताचा नव्हे. तो मायोग्लोबिनचा, म्हणजे स्नायूत ऑक्सिजन धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचा.

आपल्या पायातही हे दोन्ही प्रकार आहेत, फक्त एकमेकांत मिसळलेले. स्नायू बारीक तंतूंचा बनलेला असतो. काळपट मांसासारख्या मंद तंतूंत मायोग्लोबिन भरपूर, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया पुष्कळ, भोवती केशवाहिन्यांचं दाट जाळं. ते सावकाश आकुंचन पावतात, पण लवकर थकत नाहीत. पांढऱ्या मांसासारखे जलद तंतू झटक्यात जोर लावतात आणि साठवलेल्या इंधनावर, ऑक्सिजनची वाट न बघता चालतात. म्हणून दमतातही लवकर. फुटाळा तलावाच्या काठाने रमतगमत फिरताना मेंदू बहुतेक मंद तंतूंनाच कामाला लावतो. रात्री गल्लीतली कुत्री मागे लागली की जलद तंतूंची पाळी येते.

साधारण माणसाच्या मांडीत दोन्ही जवळपास निम्मे-निम्मे. स्नायूचा बारीक तुकडा सुईने काढून तपासला, तर नावाजलेल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंत मंद तंतू ७० टक्के किंवा त्याहूनही जास्त सापडतात. शंभर मीटरवाल्यांत पारडं जलद तंतूंकडे झुकतं. उसेन बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला १०० मीटर ९.५८ सेकंदांत कापले. केल्विन किप्टमने २०२३ मध्ये शिकागोची मॅरेथॉन २ तास ३५ सेकंदांत संपवली, म्हणजे दर १०० मीटरला साधारण १७ सेकंद. एकदा १७ सेकंदांत पळणारी मुलं रेशीमबागच्या मैदानावर रोज सकाळी भेटतील. तेच चारशे एकवीस वेळा, मध्ये न थांबता, करून बघा म्हणावं.

मग तंतू मंद की जलद, हे ठरवतं कोण? आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण मला सगळ्यात भन्नाट वाटतो तो १९६० मधला एक प्रयोग. शास्त्रज्ञ जॉन एकल्स आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या पायातल्या जलद आणि मंद स्नायूंना संदेश पोचवणाऱ्या नसा कापून अदलाबदल करून जोडल्या. काही काळाने जलद स्नायू मंदावला आणि मंद स्नायूचा वेग वाढला. म्हणजे स्नायूचा स्वभाव बऱ्याच अंशी नसेच्या हुकमावर घडतो. मंद तंतूंच्या नसा संथ पण सतत संदेश पाठवतात, जलद तंतूंच्या नसा अधूनमधून, पण जोरदार.

सरावाने किती बदल होतो? मंदाचं जलद होणं अवघडच. पण जलद तंतूंतही दोन पोटप्रकार आहेत: एक बऱ्यापैकी टिकणारा, दुसरा अतिजलद आणि लगेच दमणारा. तुम्ही पळा की वजनं उचला, अतिजलद तंतू हळूहळू टिकाऊ प्रकाराकडे सरकतात. एका डॅनिश अभ्यासात तीन महिन्यांच्या वजनांच्या व्यायामाने तरुणांतले अतिजलद तंतू ९ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आले. पुढचे तीन महिने व्यायाम बंद, तर ते थेट १७ टक्क्यांवर! म्हणजे दिवाणावर लोळणाऱ्याच्या मांडीत हे अतिजलद तंतू कसून सराव करणाऱ्यापेक्षा जास्त असू शकतात.

हे वाचून कुणी उद्याची प्रॅक्टिस बुडवू नये. त्या तीन महिन्यांच्या आरामात तंतू जलद झाले खरे, पण कमावलेली जाडी गेली, आणि बारीक तंतूत जोर कुठला?